जमिनीला आलेलं टेंगूळ

“खबरदार त्या खोलीच्या जमिनीला स्वतः हात लावलात तर!” बायकोनं डब्याचं झाकण लावता लावता बजावलं. “फ्लोअरिंगवाल्याला बोलवा. तो काय ते करील. तुम्ही फक्त दार उघडायचं, चहा विचारायचा आणि बाजूला उभं राहायचं.”

“बरं,” चौकटराव म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्यांनी जेव्हा जेव्हा इतक्या पटकन ‘बरं’ म्हटलं होतं, तेव्हा तेव्हा घरात काही ना काही मोडलं होतं. पण बायकोला दवाखान्यातली ड्यूटी गाठायची होती, त्यामुळे तिच्या ते ध्यानात आलं नाही.

चौकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोपऱ्यावर त्यांचं फोटोंना फ्रेमा करून देण्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चौकटराव म्हणत. काम मात्र एक नंबर. त्यांच्या चौकटीच्या सांध्यातून केस जाईल तर शपथ! फट म्हटली की या गृहस्थाच्या कपाळाला आठ्या पडत. बसमध्ये दोन सीटांच्या मधली फट दिसली तरी त्यांचा जीव खालीवर होई, आणि उतरेपर्यंत ते तिच्याकडेच बघत बसत.

खोली मागच्या बाजूची होती आणि तिथं राहायला येणार होते सासरे. म्हणजे, येतील अशी आशा होती. एकटे राहत होते आणि मध्यंतरी न्हाणीघरात घसरून पडले. हाडं शाबूत राहिली, पण लेकीची झोप उडाली ती उडालीच. रोज फोन करून ती रडायची, “बाबा, इकडे या हो.” आणि बाबांनी तिकडे वृद्धांच्या वसतिगृहात नावसुद्धा घालून ठेवलेलं! शेवटी एवढ्यावर आले की, “चार दिवस येऊन बघतो. खोलीत ओल असली तर मी चाललो. आणि पोरी, पाहुणा म्हणून भिंतीकडे बघत बसणं मला जमायचं नाही, हे आधीच सांगतो.”

आता ओल नाही असं चौकटरावांच्या गावात काय होतं? मीठ बरणीतून खरवडून काढावं लागे. कपाटातल्या बुटांना हिरवी लव यायची. टेबलाचे खण पावसाळ्यात असे फुगून बसत की आत राहिलेली वस्तू पाऊस संपल्यावरच हाती लागे. मागच्या खोलीतली सिमेंटची जमीन तर बारा महिने गार आणि घामेजलेली. तिच्यावर लाकडी पट्ट्यांचं फ्लोअरिंग घालायचं, म्हणजे बाबांच्या पायाला ऊब मिळेल, असं बायकोच्या मनात होतं.

फ्लोअरिंगवाला येऊन गेला, नाही असं नाही. त्यानं दोन सुयांचं एक यंत्र भिंतीला टोचलं. यंत्र किंचाळलं. जमिनीला टोचलं, तर ते थांबेचना.

“ओल आहे,” तो म्हणाला. “आधी जमीन सुकली पाहिजे. मग खाली प्लास्टिकचा कागद, मग पट्ट्या. पुढच्या महिन्यात बघू.”

“पुढच्या महिन्यात? अहो, माझे सासरे याच आठवड्यात येताहेत!”

“मग सासऱ्यांना पुढे ढकला.” एवढं बोलून तो स्कूटरला किक मारून निघूनही गेला.

सासऱ्यांना पुढे ढकलणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. ते बाजारात शिरले की दुकानदार आपापले तराजू पुसायला घेत, अशी त्यांची ख्याती. लग्न नवीन असताना चौकटरावांनी त्यांच्या घरी भिंतीत खिळा ठोकला आणि दुसऱ्या दिवशी आरसा खाली आला, तेव्हा ते म्हणाले होते, “जावईबापूंनी चौकट करावी. भिंतीच्या वाटेला जाऊ नये.” हे वाक्य चौकटराव इतकी वर्षं उरात घेऊन हिंडत होते. आता संधी चालून आली होती, तेव्हा हात दाखवून अवलक्षण करायला किती वेळ लागणार?

त्यांनी पट्ट्यांची खोकी आणून आधी दुकानात, तसबिरी वाळवायच्या गरम कपाटात नीट रचली. लाकूड कसं खडखडीत वाळलेलं हवं! खोक्यावर चित्र होतं: चारी भिंतींशी बोटभर जागा सोडा. चौकटराव चित्राकडे बघून हसले. ज्यांना नीट कापता येत नाही, त्यांच्यासाठी सोय आहे ही, असा त्यांनी अर्थ लावला. प्लास्टिकचा कागद विसरला, तो नंतर आठवला, पण तोवर अर्धी खोली झाली होती आणि अशी देखणी झाली होती की उखडायला जीव होईना.

पट्ट्या भिंतीला भिडल्या. शेवटची पट्टी तर त्यांनी हातोड्यानं ठोकून ठोकून बसवली. दार खालून रंधून असं केलं की त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये कागद सरकणार नाही. बिजागऱ्यांना रंग दिला. वर चमक यावी म्हणून दोन बादल्या पाण्यानं सगळी जमीन पुसून काढली.

बायको आली ती भांडायच्या तयारीनंच आली. पण दारात उभी राहिली आणि बघतच राहिली.

“छान झालंय हो,” ती हळूच म्हणाली. “बाबा राहतील ना?”

“राहतील म्हणजे? हलायचं नाव घेणार नाहीत!” चौकटराव म्हणाले. त्यांचं हे बोलणं खरं ठरणार होतं, पण ते पुढे.

सकाळी खोलीतून आवाज आला, टक्. चौकटराव धावले. खोलीच्या बरोबर मधोमध जमिनीला टेंगूळ आलं होतं. फार नाही, डोक्याला येतं तेवढंच. त्यांनी त्यावर पाय दिला, ते बसलं. पाय काढला, ते उठलं.

त्यांनी त्यावर पलंग सरकवला. टेंगूळ गेलं. हात झटकतात तोवर खिडकीशी टक्! तिथं कपाट आणलं. मग कोपऱ्यात टक्! तिथं शिवणयंत्र नेलं. टेंगूळ काही केल्या एका जागी बसेना, आणि चौकटरावही. दिवसभर ते अनवाणी पायांनी खोली चाचपत येरझाऱ्या घालत होते. दुकानाला कुलूप, जेवणावर वासना नाही.

“अहो, तुम्ही आत नाचताय का?” स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

“छे छे, सामान लावतोय!”

“आणि फ्रिजची वायर का काढलीत?”

चौकटरावांनी निमूटपणे वायर परत लावली.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. हातात एक बॅग, काखेत छत्री. खोलीत पाऊल टाकलं आणि भुवया वर गेल्या.

“ही राहायची खोली आहे की गोदाम?”

“बाबा, तुम्हाला काही कमी पडू नये म्हणून...” चौकटराव पुटपुटले.

सासऱ्यांनी खिशातून काचेची गोटी काढली. नोकरीतली सवय. कुठलंही टेबल, कुठलाही ओटा, आधी गोटी ठेवून बघायची. त्यांनी ती पलंगाजवळ ठेवली. गोटी क्षणभर थबकली, मग निघाली. पलंगाखालून, कपाटाला वळसा घालून, शिवणयंत्राच्या पायाला लागून ती तडक दाराबाहेर, लेकीच्या पायाशी येऊन थांबली.

सासऱ्यांनी वाकून भिंतीला हात लावला, बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाले, “मी उद्या निघतो, पोरी. तुम्ही खूप केलंत. पण इथं मी नुसता अडगळीत भर. तिकडे निदान माझ्यासारखेच दहा जण असतील.”

बायकोचा चेहरा एवढासा झाला. तिला पुन्हा ड्यूटीवर जायचं होतं. ती दारात चपला घालताना डोळे पुसत होती, आणि नवऱ्याला एक अक्षरही बोलली नाही. चौकटरावांना वाटलं, तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. आपल्या खाजेपायी हिचा बाप चालला, हे त्यांच्या काळजात रुतलं.

इकडे सासऱ्यांनी बॅग भरायला दार लोटून घेतलं. दार लागलं मात्र, टक् टक् टक्, धाड! सगळी टेंगळं मिळून एकदम दाराशी आली.

“जावईबापू,” आतून आवाज आला, “हे दार उघडत नाहीये.”

चौकटरावांनी बाहेरून खांदा लावला. दार हललं नाही. आतल्या बाजूनं जमीन फुगून दाराच्या खाली पाचरीसारखी बसली होती, आणि दार तर आतच उघडायचं.

“बाबा, बिजागऱ्यांचे स्क्रू काढता येतील का?”

“स्क्रू दिसतायत कुठं? तुम्ही रंगानं बुजवलेत सगळे!”

“खिडकीतून...”

“खिडकीला गज आहेत, जावईबापू. मी काय मांजर आहे?”

चौकटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फ्लोअरिंगवाल्याला फोन लावला. “निघालोच,” तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. “अहो, निघालोच म्हटलं ना!” मागे टीव्हीचा आवाज येत होता.

“कोण आहे तो?” आतून सासरे गरजले. “निघालोच म्हणणारा माणूस कधी निघालेला असतो का? त्याचा नाद सोडा. हत्यारं आणा. खिडकीतून द्या!”

“बाबा, तुम्ही? अहो, तुम्ही परवा पडलात...”

“पडलो होतो, मेलो नव्हतो. आणा!”

बाहेर पाऊस लागला होता. चौकटराव सासऱ्यांचीच छत्री धरून खिडकीशी उभे राहिले आणि गजांतून एकेक हत्यार आत देऊ लागले. आत सासऱ्यांनी बुटकं स्टूल ओढलं, बाह्या सारल्या आणि भिंतीशी ठाण मांडलं.

“करवत! ही नव्हे, बारीक दातांची. काय हो, भिंतीशी जागाच नाही सोडली?”

“फट राहू नये म्हणून...”

“अहो, लाकूड आहे ते! पाणी पितं, फुगतं. त्याला हातपाय पसरायला जागा नको? पटाशी द्या.”

“बाबा, जरा जपून... कड तुटेल... फट फार मोठी होतेय हो!”

“तिकडे तोंड करून उभे राहा, बघू नका.”

चौकटराव खरंच तिकडे तोंड करून उभे राहिले. करवतीचा प्रत्येक फेरा त्यांना स्वतःवर फिरल्यासारखा वाटत होता. थोड्या वेळानं आतून एक नवीनच आवाज यायला लागला. त्यांनी कान दिला. सासरे शीळ घालत होते!

शेवटी भिंतीलगतची पट्टी निघाली, जमीन धपकन खाली बसली आणि दार आपोआप उघडलं. चौकटराव चिंब भिजून आत धावले आणि त्याच क्षणी बायको घरी आली. तिला दिसला तो भिजलेला नवरा, चिरफाड झालेली जमीन, आणि केसांत, भुवयांवर लाकडाचा भुसा घेऊन उभे असलेले बाबा.

“अगंबाई! हे काय?”

“आधी जेवायला वाढ,” बाबा म्हणाले. “कडकडून भूक लागलीय.”

किती दिवसांत तिनं त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तिनं घाईघाईनं पानं घेतली. बाबा जेवता जेवता जावयाला झापत होते, कुठं चुकलं, कसं चुकलं. मध्येच तिनं भीत भीत विचारलं, “बाबा, उद्या किती वाजता निघायचंय?”

“उद्या? उद्या कसा निघेन? तीन भिंती राहिल्यात अजून! या माणसाच्या भरवशावर टाकून जाऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोअरिंगवाला आला. खरोखरचा आला, यंत्रासकट. चौकटरावांना आनंदानं भरून आलं. पट्ट्या ठोकून आणि सामान ओढून त्यांचे हात सोलले होते, कंबर धरली होती आणि अक्कल ठिकाणावर आली होती. “या, या! देवासारखे आलात! सगळं उखडा, पहिल्यापासून करा!”

तेवढ्यात बायको आडवी आली. “कोण हवंय आपल्याला?” तिनं विचारलं. “फ्लोअरिंग? छे, चुकीच्या घरी आलात.” तिनं दार लावलं आणि नवऱ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, “खबरदार बाहेरच्या माणसाला त्या जमिनीला हात लावू दिलात तर!”

मग काय, सासरा-जावयाची जोडी रोज कामाला लागली. हळूहळू चारी भिंतींशी बोटभर जागा झाली, खाली प्लास्टिकचा कागद गेला. चौकटरावांना पहिले काही दिवस त्या फटींकडे बघवत नव्हतं, पुढे सवय झाली. पाऊस सरला, उन्हं पडली. एका सकाळी सासऱ्यांनी गोटी ठेवली. गोटी ठेवली तिथंच राहिली. दुसरीकडे ठेवली, तिथंही राहिली.

“जमलं की हो, बाबा!” चौकटरावांनी टाळी वाजवली.

“हो,” सासरे म्हणाले. “जमलं.” त्यांनी गोटी उचलून खिशात टाकली. हत्यारं पुसून पिशवीत भरली. मग पलंगावर बसले आणि बराच वेळ पलंगाखालच्या बॅगेकडे बघत राहिले. “तसं आता माझं इथं काही काम नाही,” ते म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

बायको दारात सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि बादली घेऊन आली. काठोकाठ भरलेली. तिनं फडकं बुडवलं आणि न पिळता, तसंच निथळतं, जमिनीवर फिरवायला सुरुवात केली. कडेच्या फटींत तर तिनं तांब्यानं पाणी ओतलं.

“अगं!” चौकटराव ओरडणार होते. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि बादलीतही अजून बरंच होतं. चौकटरावांनी तोंड मिटलं आणि बादलीला हात लावला. दोघांनी मिळून उरलेली खोली पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधीच मागच्या खोलीतून आवाज आला, टक्! पाठोपाठ सासऱ्यांची आनंदानं फुटलेली आरोळी आली, “जावईबापू! आलं बघा परत! करवत आणा, बारीक दातांची!”

“आलो, बाबा,” चौकटराव म्हणाले. करवत त्यांनी आदल्या दिवशीच धार लावून ठेवली होती.