भिंतीवरचा रकमन

बस्त्याव अंकलच्या हातात काहीही द्या, ते धरत नाहीत. चापटी मारून पुढच्या माणसाकडे पाठवतात. शारजात अल मजाजमधल्या आमच्या मजल्यावर त्यांनी किल्ल्या, कांदे, पार्सलं, सगळं उडवून झालंय. एकदा माझा आख्खा दुधी लिफ्टमध्ये जाऊन पडला आणि लिफ्ट गेली खाली. मी चिडले, तर मलाच ऐकवलं, “रकमनने बॉल धरायचा नसतो, बाय. राँग इज राँग.”

रकमन म्हणजे काय, हे आमच्या वॉचमनलासुद्धा पाठ आहे. ऑस्ट्रेलियन लोकांचा एक फुटबॉल असतो, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा. पंच चेंडू वर उडवतो, दोन्हीकडचे उंच गडी उड्या मारतात आणि चापटीने तो आपल्या माणसाकडे ढकलतात. ते रकमन. आमचे अंकल वसईचे, सहा फूट तीन इंच. तरुणपणी अबू धाबीत एका ऑस्ट्रेलियन साहेबाच्या ऑफिसात कारकून होते. साहेबाने मित्र जमवून टीम काढली आणि उंची बघून यांना वाळूत उभं केलं. सहा सीझन खेळले. नाक दोनदा मोडलं. गोल एकही नाही, आणि त्याचाच जास्त तोरा.

तर त्या क्लबने हल्ली भिंतीवर जुने फोटो लावलेत, वेबसाइटवरही टाकलेत. पहिल्या टीमच्या फोटोत भारतीय दोनच. एका टोकाला अंकल, दुसऱ्या टोकाला खेडचा सखाराम, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा. उंची पाच फूट दोन. आणि खालच्या पाट्यांवर छापलंय काय? सखाराम, रकमन. बस्त्याव, ग्राउंड स्टाफ!

अहो, डोळे आहेत की बटणं? दोघे भारतीय ना, मग कुठलंही नाव कुठेही चिकटवा, कोण विचारतंय! मी स्वतः तीन मेल ठोकले. उत्तर आलं, बघतो म्हणून. अंकल तर जेवायचेच बंद झाले. लग्न केलं नाही, मागे कोणी नाही. कुठेतरी आपलं नाव राहील तर त्या भिंतीवर, आणि तेही चुकीचं, असं रोज माझ्या दारात उभे राहून म्हणायचे. शेवटी शनिवारी मी गाडी काढली. अबू धाबीपर्यंत ते भांडणाची तालीम करत होते आणि मी शब्द पुरवत होते.

क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी अंकलकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि ओशाळल्या. सॉरी म्हणाल्या, पाट्या आत्ताच बदलते म्हणून स्क्रू ड्रायव्हर आणायला गेल्या. भांडायची संधीच दिली नाही.

तेवढ्यात फोटोसमोर एक बाई मुलीला घेऊन आली. आमचं मराठी ऐकून तिने सांगितलं, ती सखारामची मुलगी, नर्स आहे, इथेच अबू धाबीत खलिफा सिटीत राहते. बाबा मागच्या वर्षी गेले. वेबसाइटवर हे दिसलं म्हणून लेकीला दाखवायला आणलं. बाबा मैदानावर जायचे एवढंच ठाऊक होतं, खेळायचे हे कधी बोललेच नाहीत.

“बट ही वॉज सो शॉर्ट,” लेक म्हणाली.

आईने अंकलना विचारलं, “तुम्ही ओळखायचात त्यांना?”

मी तोंड उघडलं. अंकलनी माझा दंड घट्ट धरला.

“ओळखायचो म्हणजे? मी रेघा मारायचो, तो उड्या मारायचा. उंची नव्हती गं त्याला, पण उडी होती.”

ती रडायलाच लागली. सेक्रेटरीबाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या, तर अंकलनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, “नो चेंज, मॅडम. खलास.”

परतीच्या वाटेवर मी त्यांना सोडलं नाही. दीड तास गाडी हाकली ती काय यासाठी? सहा सीझन, मोडलेलं नाक, सगळं पाण्यात!

“त्याला बघायला लेक आली, नात आली,” ते म्हणाले. “माझं नाव बघायला कोण येणार होतं, बाय?”