कोपर बाहेर जातंय

सकाळचे सात वाजले की नीलकंठराव खुर्चीत पाठ टेकून बसायचे, डंबेल उजव्या खांद्याशी धरायचे आणि मोबाइलमधल्या लेकीकडे बघायचे. त्यांचा खांदा आखडला, म्हणून यशश्रीने पुण्याहून हा व्यायाम सुरू करून दिला होता.

"मनगट सरळ. कोपर जरा पुढे. श्वास सोडत वर... बाबा, कोपर पुन्हा बाहेर गेलं!"

"काहून जाऊन राहिलंय, समजत नाही बाई."

समजत सगळं होतं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात उभा जन्म तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला कोपर कुठे ठेवायचं ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण त्या दिवशी यशश्री "मस्त जमलं!" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. जबलपूरचं ते घर एवढं सुनं झालं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपर मुद्दाम बाहेर सोडलं. फोन अर्धा तास चालला. पोरीची फार आठवण यायची; पण तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

कधी चुकून कोपर जागेवर राहिलं, तर यशश्री दुसरं काहीतरी काढायची. "हनुवटी खिडकीकडे करा." "पायाचा अंगठा दाबून धरा." नीलकंठराव निमूट दाबायचे. असेल काही शास्त्र.

शेजारच्या सुहासिनीबाईंना मात्र रोजच्या "कोपर! कोपर!"चा वीट आला. आधी त्या स्वतःच येऊन कोपर धरून उभ्या राहिल्या. त्यात घरी त्यांचं दूध उतू गेलं. मग त्यांनी जवळच्या गढा मोहल्ल्यातल्या जिममधून व्यायाम शिकवणाऱ्या गौतमभैयालाच धरून आणलं.

यशश्री फोनवर बघत होती. नीलकंठरावांनी कोपर बाहेर काढावं, तर गौतमने ते दोन बोटांनी धरलेलं. डंबेल सरळ वर गेलं, सरळ खाली आलं. बोटं कधी सुटली, ते नीलकंठरावांना कळलंच नाही.

"दीदी, अंकल का फॉर्म एकदम परफेक्ट है," गौतम फोनकडे बघून म्हणाला. "मैंने हाथ छोड़ दिया, फिर भी कोहनी नहीं हिली. अब आपको रोज देखने की जरूरत नहीं."

नीलकंठरावांचा चेहरा पडला.

"पर अंकल, ये ठुड्डी खिड़की तरफ काहे? और अंगूठा काहे दबा रहे?"

"दीदी ने बताया, भैया. साइंस है."

"ऐसा कुछ नहीं होता, अंकल!"

फोनमध्ये यशश्रीने एकदम मान खाली घातली. नीलकंठराव तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे पोरगीही फोन लांबवत होती! त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आलाच.

"बाबा, आज तुमचा खांदा वर चढून राहिलाय."

"हो का? चलो, पुन्हा करतो."

"सावकाश करा. मला घाई नाही."

फोनच्या दोन्ही बाजूंना हातात चहाचा कप होता; डंबेल खुर्चीखाली पडून होतं.