बशीत भिजलेलं विमानटपाल

घड्याळजी दुपारी दुकानातून जेवायला घरी आले, तर बायको दारातच उभी. चेहऱ्यावर एवढा आनंद, की घड्याळजी उंबऱ्यातच थबकले.

"आत या. पण हात लावू नका हं, अजून ओलं आहे."

टेबलावर टिपकागद अंथरला होता आणि त्यावर एक निळं टपाल तिकीट पालथं वाळत पडलं होतं. शेजारी बशीत कोमट पाणी. बशीपलीकडे ते जुनं पाकीट, तिकिटावाचून उघडंबोडकं. घड्याळजी मटकन खुर्चीत बसले.

पाकीट साधंसुधं नव्हतं. टपाल घेऊन उडालेल्या अगदी पहिल्यावहिल्या विमानांपैकी एकातून ते आलं होतं. त्या विमानांना ना छप्पर ना काच. वैमानिकाने थैली गुडघ्यांत दाबून धरायची, खालचे रेल्वेचे रूळ बघत वाट काढायची, आणि पेट्रोल संपलं की कुणाच्या तरी शेतात उतरून पत्रं पोचवायचीच. ती माणसं म्हणजे घड्याळजींची दैवतं. सव्वीस वर्षं खपून त्यांनी अशी त्रेचाळीस पाकिटं जमवली होती.

हे चव्वेचाळिसावं त्या सगळ्यांहून जुनं आणि दुर्मिळ, पण ते त्यांचं नव्हतंच. दाताच्या डॉक्टरांनी ते दोन दिवस बघायला दिलं होतं. आज पाच वाजता अदलाबदल व्हायची होती: डॉक्टर हे एक पाकीट देणार आणि त्रेचाळीस पाकिटांचा अख्खा अल्बम नेणार. दोन दिवस घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून पाकिटाचा कण न् कण तपासला होता आणि मनातल्या मनात होकारही देऊन टाकला होता.

"अगं, काय केलंस हे?"

"सोडवलं तिकीट. हात थरथरतो हल्ली तुमचा, म्हणून नुसते बघत बसला होतात ना? मला कळत नाही होय?"

नवरा तिकिटं कोमट पाण्यात कशी सोडवतो, हे तिने एकतीस वर्षं पाहिलं होतं. पण विमानाचं पाकीट तिकिटासकट अखंड ठेवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अल्बममधली त्रेचाळीस पाकिटं सोडवायची राहून गेलीत, असाच तिचा समज होता.

घड्याळजींनी रागवायचं ठरवून तिकीट चिमट्यात उचललं, भिंग लावलं, आणि रागवायचं विसरले. कडेचा एकही दाता तुटला नव्हता. पाकिटाचा तेवढा कोपराच भिजला होता, पत्त्याची शाई जशीच्या तशी.

"इतकं सुबक मला जन्मात जमलं नसतं गं," ते कळवळून म्हणाले.

"मग तोंड असं का?"

त्यांनी सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"परत चिकटवू या का? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना. बिघडलं आपल्या घरात. अल्बम देऊन टाकायचा आणि हे असंच ठेवून घ्यायचं."

पाचला डॉक्टर आले. टेबलावरचं दृश्य बघून त्यांनी आ वासला. घड्याळजींनी सगळं सांगून टाकलं आणि अल्बम पुढे सरकवला.

"नऊ वर्षं जिवापाड जपलं हो मी!" डॉक्टरांचा आवाज चढला. "नऊ वर्षं!"

"चुकलंच माझं," बायको डोळे पुसत म्हणाली. "पण वाईट नाही हो केलं काम. तिकिटाखाली शिक्क्याचं काळं होतं, तेसुद्धा घासलं नाही मी. अख्खं गोल तसंच ठेवलंय."

"कुठे? तिकिटाखाली?"

डॉक्टरांनी घड्याळजींच्या हातातलं भिंग ओढूनच घेतलं. शिक्का मारतात तिकिटावर, मग त्याच्याखालचा कागद कोरा हवा. इथे कागदावरच शिक्क्याचं वर्तुळ पूर्ण होतं. म्हणजे शिक्का आधीचा आणि तिकीट कुणी भामट्याने मागाहून चिकटवलेलं. तिकिटावर दिसणारा शिक्क्याचा तुकडा हाताने काढलेला. पाकीट कुठल्याही विमानातून आलं नव्हतं.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. मग अल्बम उचलून घड्याळजींच्या मांडीवर ठेवला आणि बायकोला हात जोडले.

"वहिनी, आम्ही दोघं भिंगं लावून बसलो आणि तुम्ही एका बशीत निकाल लावलात. धन्य आहे तुमची!"

घड्याळजींचा ऊर भरून आला. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं, आणि तसं ते बोलणारही होते.

"माझ्याकडे अजून अकरा आहेत," डॉक्टर म्हणाले. "आता मला झोप नाही यायची. उद्या आणू?"

"आणा की! आणि यांची त्रेचाळीस तर घरातच आहेत. आत्ताच बसू या," असं म्हणत ती पदर खोचून लगबगीने आत गेलीसुद्धा.

घड्याळजींनी अल्बम पोटाशी घट्ट धरला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो उघडायची भीती वाटली.

"अगं, आज पाणी नाहीये नळाला!" ते ओरडले.

स्वयंपाकघरात पातेलं भरल्याचा आवाज बाहेर दोघांनाही अगदी स्वच्छ ऐकू येत होता.