शेठच्या उजव्या डोळ्याची काळजी

ज्याची जागा उंचावर असते त्याला खाली पाहावं लागतं, आणि सतत खाली पाहणं डोळ्यांना बाधतं. हे सत्य आमच्या नेत्ररुग्णालयाला फार उशिरा कळलं, कारण आमच्याकडे येणाऱ्या कुणाचीच जागा उंचावर नसते.

अपवाद एकच. प्रतीक्षालयातल्या उंच कट्ट्यावर, काचेच्या टाकीत, हातभर लांबीचा एक चंदेरी मासा राहतो. तो मोठ्या डॉक्टरांचा. सगळे त्याला शेठ म्हणतात (तो वेळेवर जेवतो आणि कुणाशी बोलत नाही). टाकीखाली रुग्णांची बाकं आणि समोर स्वागतकक्षात मी. म्हणजे पुढची सगळी हकिगत डोळ्यांदेखतची आहे.

एका सकाळी मोठे डॉक्टर तपासणीला निघाले आणि टाकीपाशी थबकले. शेठचा उजवा डोळा खाली कलला होता. बाहुली थेट बाकांवर. डॉक्टरांनी त्या दिवशीची सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली. त्यात काकूंचंही होतं.

काकू शर्टांना काजं-बटणं करून देतात. मोतीबिंदू पिकल्यापासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून सून कामावर जाण्याआधी सुयांची एक रांग ओवून उशीला टोचून ठेवते. दोरे संपले की काकूंचा दिवस संपतो, मग बाहेर कितीही ऊन असो.

"माशाला काय झालंय?" काकूंनी विचारलं.

"डोळा खाली गेलाय. खालीच बघतात."

"मग बघू दे की! मला तर खाली बघूनही जमीन दिसत नाही."

ही तुलना शास्त्रीय नव्हती. शिवाय शेठ आजारी पडल्यापासून त्यांना अहोजाहो करण्याची सूचना निघाली होती, तीही काकूंनी पाळली नाही.

दुपारी माशांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "एवढा मोठा मासा मूळचा पाण्याच्या वरच्या थरातला. त्यानं वर बघायचं असतं. इथं जे काही घडतं ते सगळं खाली घडतं. त्यात तुम्ही बुडणारं, तेलकट खाणं टाकता. उतरलेला डोळा वर येईलच असं नाही, पण डावा वाचवता येईल. वेळीच काळजी घेणं महत्त्वाचं."

हेच वाक्य आमच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. ते ऐकून मोठ्या डॉक्टरांचे डोळे भरून आलेले मी प्रथमच पाहिले.

उपाययोजना तातडीने सुरू झाली. खाणं तरंगणारं आलं. टाकीच्या खालच्या काचेला काळा कागद लागला. पाण्यावर टेबल टेनिसचे चेंडू सोडले. शेठनी चेंडूंकडे एकदा पाहिलं आणि कागदाच्या फटीतून पुन्हा रुग्णांकडे. मग पाहणी झाली. टाकीखाली हालचाल करणाऱ्यांत ऐंशी टक्के रुग्ण निघाले (उरलेले वीस टक्के त्यांचे नातेवाईक, त्यामुळे संशय दुसरीकडे वळवायला जागाच उरली नाही).

बाकं हलवली. रुग्णांची डोकी शेठच्या नजरेच्या पातळीत यावीत म्हणून उंच स्टुलं आली. परंतु डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाला स्टुलाची पायरी दिसत नाही. पहिल्याच दिवशी दोघे पडले. दोघेही खाली पडल्यामुळे शेठची नजर पुन्हा खाली गेली, म्हणून स्टुलं बंद करण्यात आली.

अखेर टाकीशेजारी लाकडी चौथरा बांधला. त्यावर उभं राहून काठीला बांधलेला लाल चेंडू पाण्याच्या वर हळूहळू फिरवायचा. काम रुग्णांकडे सोपवलं, कारण ते एरवी नुसते थांबतात. सगळ्यांत स्थिर हात निघाला काकूंचा. त्या ऑपरेशनच्या आशेनं रोज येत आणि रोज चौथऱ्यावर चढत.

"काकू, जरा उजवीकडे!" मी खालून सांगायचो.

"मला कुठं दिसतंय?"

"तुम्हाला दिसायची गरज नाही, काकू. शेठना दिसतंय."

शेठ वर पाहू लागले. डावा डोळा ठणठणीत राहिला. काकूंनी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टरसाहेब, माझं कधी?"

डॉक्टर मनापासून हळहळले. "काकू, ऑपरेशननंतर पाण्याजवळ जायचं नाही, चढउतार करायची नाही. मग शेठकडे कोण बघणार? आणि दिसायला लागलं की तुमचं लक्ष इकडंतिकडं जाईल."

या म्हणण्यात मला तरी काही खोट दिसली नाही. काकू मात्र चौथऱ्याच्या कडेला बसल्या आणि मग चाचपडत खाली उतरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सून कामावरून मधेच आली. सासू चौथऱ्यावर, हातात काठी.

"आई, खाली उतरा."

"अगं, पण चेंडू..."

"उतरा म्हणते ना!"

तिनं काकूंना हात देऊन उतरवलं, काठी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "धरा." मी धरली. त्या दोघी गेल्या.

काकूंचं ऑपरेशन दुसरीकडे झालं. तिथं एकही मासा नाही असं कळलं. अशा ठिकाणी डोळ्यांची काळजी कशी घेत असतील, कोण जाणे.

मग एके दिवशी काकू काळा चष्मा लावून एकट्याच आल्या. टाकीपाशी जाऊन चष्मा काढला आणि शेठकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"एवढाच?" त्या म्हणाल्या. मग मान वर करून चौथऱ्यावर माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही हो, आवाजावरून तरुण वाटला होता."

त्या थांबल्या नाहीत. काजं राहिली होती.

शेठचा उजवा डोळा किंचित वर आला आहे, डावा उत्तम आहे. ही हकिगत ज्याला सांगावी तो आधी तेवढंच विचारतो. काकूंचा डोळा कोणता, उजवा की डावा, हे मी कुठंच सांगितलेलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. अशीच माणसं आम्हाला हवी आहेत. या, चढा वर चौथऱ्यावर, माझा हात भरून आलाय.