रुसलेल्यांचं बाकडं

हणमंतराव सरांनी ग्रामपंचायतीसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "महिन्याभरात ह्या गावातली सगळी भांडणं मिटवून दाखवतो! कोर्ट न्हाई, पोलीस न्हाई. निव्वळ कलेनं!"

सर म्हणजे काही साधी असामी नव्हे. लातूरच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून रेणापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतलेले. आणि गाव तरी कसलं! वरली आळी आणि खालली आळी यांचं कशात म्हणून जमेना. बसथांब्याचं छप्पर कुणाच्या बाजूला घालायचं, ह्या एका मामल्यावर तीन वर्षं तंटा चालू, आणि तोवर दोन्ही आळ्या उन्हात उभ्या. कडुलिंबाखाली तेवढं एक सिमेंटचं बाकडं होतं. सरांनी तेच मागून घेतलं.

सहा दिवस सर त्या बाकड्याला चिकटून होते. बाकड्याच्या पाठीवर त्यांनी दोन्ही आळ्यांची माणसं एका परातीत जेवताना काढली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रुसलेल्यांनी इथं बसावं, बोलून उठावं.' त्याखाली नियम : 'आधी बसेल त्यानं बोलावं. त्याचं संपेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडू नये.' मग लातूरच्या एका शांतता मंडळाला पत्र धाडलं. मंडळाचं उत्तरही आलं : 'सोमवारी येतो. बाकावर संवाद चालू असताना फोटो घेऊ. काम पसंत पडलं तर लातूर-नांदेडच्या पन्नास गावांत तुमच्या हातची अशीच बाकडी बसवू.' पन्नास गावं! सरांना झोप लागेना.

आणि गावानं काय करावं? बाकड्यावर बसायचंच सोडून दिलं!

कारण उघड होतं. जो बसला त्याचं कुणाशी तरी बिनसलंय, ही गावभर दवंडी! ज्या पंचफुलामावशी वीस वर्षं त्याच बाकड्यावर टेकून बसची वाट बघायच्या, त्या आता लिंबाचा बुंधा धरून उभ्या राहायला लागल्या.

"मावशी, बसा की!" सर म्हणाले.

"कामून बसू? सून म्हणंल, सासू माझ्या नावानं बसली. धड चाललेल्या घरात कामून काडी टाकून राहिलाव सर?"

सरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. शांततेसाठी मरमर मरावं आणि वर हे ऐकून घ्यावं!

गुरुवारी बाकड्यावर शेवटी एक माणूस बसला. पण तो परगावचा. चहाचं हॉटेल चालवणाऱ्या नरसिंगचा देगलूरचा जावई, राजशेखर. बिचाऱ्यानं पाटी वाचली नव्हती. गाडी यायला वेळ होता म्हणून पिशवी मांडीवर घेऊन निवांत टेकला. पाच मिनिटांत गावात बोंब झाली, जावई रुसला! नरसिंग उकळता चहा तसाच सोडून धावत आला. मागून त्याची बायको, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन.

"जावईबापू, काय चुकलं आमचं? लोकांत कामून बसलाव? घरी सांगायचं की!"

"काय न्हाई ओ मामा, बसची वाट बघून राहिलो."

"न्हाई न्हाई, मनात ठिवू नका! लग्नातल्या मोटारसायकलीचंच हाय न्हवं?"

राजशेखरच्या डोक्यात मोटारसायकल नव्हती. पण आता आली. त्यानं एकदा डब्याकडं बघितलं, एकदा पाटीकडं बघितलं, आणि मग जरा सावरून बसला.

"आता तुम्हीच इषय काढला म्हणून म्हणतो मामा..."

आणि नियमच तसा! त्याचं संपेपर्यंत नरसिंगला तोंड उघडता येईना. जावई पाऊण तास बोलला. बस आली आणि गेली. संध्याकाळी नरसिंग सरांच्या दारात उभा राहून ओरडला, "सर, आजपासून माझ्या हॉटेलात तुम्हाला चहा बंद! पाच वर्षं गुमान असलेला जावई तुमच्या बाकड्यानं बिघडवला!"

"ह्या गावाला शांतताच नको!" सर घरात येऊन कडाडले. "ह्यांना भांडणं पायजेत! अडाणी कुठले! ऐकून राहिलीस का, साखरा?"

साखराबाई तूर निवडत होत्या. काही बोलल्या नाहीत. सरांना तेवढ्यानंही बरं वाटलं. गाव कसंही असो, आपल्या घरात कशी शांतता आहे बघा!

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मंडळ यायचं, आणि संवाद करायला गावात जोडी मिळेना. सर दारोदार हिंडले. "कुणाशी तरी रुसा रे! गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!" जो तो हात जोडून आत जाई. दुपारी सर थकून ओट्यावर बसले, तर सरपंच आनंदराज स्वतः सांगत आले, "सर, चला! बाकड्यावर बसलंय कुणीतरी."

"कोण?"

"तुम्हीच बघा की!"

आनंदराजच्या ओठांवरचं हसू सरांना तेव्हाच खटकायला हवं होतं. पण ते कसले! त्यांनी केस विंचरले, फोटोसाठी मोबाइल घेतला आणि कडुलिंबाकडं जवळजवळ पळतच निघाले. अर्धं गाव जमलेलं. सरांना बघून लोकांनी वाट दिली. बाकड्याच्या मधोमध, पदर खोचून, मांडीवर तुरीचं सूप घेऊन बसल्या होत्या साखराबाई.

"अगं, ऊठ!" सर खेकसले. "लोकांना वाटंल तुझं कुणाशी भांडण हाय!"

साखराबाईंनी तुरीतला एक खडा वेचून टाकला.

"कुणाशी भांडण हाय तुझं?"

दुसरा खडा पडला. गर्दीतून पंचफुलामावशींचा आवाज आला, "सर, बसा आता! नियम तुमचाच हाय."

सरांचं तोंड रागानं लालभडक झालं. आपल्याच बाकड्यावर, भर गावात, आपलीच बायको! पण बसले. बसल्याबरोबर साखराबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"अठरा दिवस झाले, मी तुमच्याशी बोलत न्हाई."

"काय? कामून?"

"मधी बोलायचं न्हाई," दहाजण एकदम म्हणाले.

"अठरा दिवस! चहा दिला, भाकर दिली, पण एक शब्द तोंडातून काढला न्हाई. वाटलं, आज इचारतील, उद्या इचारतील. तुम्ही आपले खूश! माझ्या मायचं लुगडं होतं ट्रंकंत. वाकळ शिवायला ठिवलं होतं. मायचं तेवढंच राहिलं होतं माझ्यापाशी. ते फाडून तुम्ही ह्या बाकड्याचे ब्रश पुसले! मी रडत रडत सांगाय आले, तर तुम्ही मान वर न करता म्हणलाव, हूं."

सरांना ते मऊ, जांभळं फडकं आठवलं. रंग फार छान टिपायचं. त्यांना आपली अशी लाज वाटली की वर बघवेना.

लुगड्याचं झाल्यावर साखराबाईंनी चौतीस वर्षांचं काढलं. कळंबला एका लग्नाला नेऊन एकटीला स्टँडवर विसरून आलेले, ते काढलं. दवाखान्यात भेटायला येताना दप्तर विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेलेले, ते काढलं. बाया पुढं सरकून म्हणत होत्या, "सांग माय, सांग!" पुरुष मात्र एकेक करून मागं सटकत होते. दोन तासांनी साखराबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"झालं माझं. बोला तुम्ही."

सरांनी सगळा राग गिळला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "लई चुकलं."

साखराबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग सूप त्यांच्या हातात दिलं आणि दोघं घरी गेले. रात्री साखराबाईंनी आपणहून विचारलं, "भाजीत मीठ बराबर हाय का?" सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाकड्यानं काम केलं होतं!

सोमवारी सकाळी सर बघतात तर कडुलिंबापासून पार मारुतीच्या पारापर्यंत घागरींची रांग!

"टँकर आला का?" माणसं दारादारांतून बाहेर आली. टँकर कुठंच नव्हता. मग एकेकानं आपापल्या घरची घागर ओळखली. बायांनी बाकड्यासाठी नंबर लावले होते! पहिली निळी घागर सरपंचाच्या घरची. महामायाबाई स्वतः शेजारी उभ्या होत्या आणि नवऱ्याला हात करून बोलावत होत्या. दुसऱ्या नंबरला नरसिंगची बायको होती.

आनंदराजनं उभ्या उभ्या ग्रामसभा बोलावली. बाया रांगेतून हलेनात. सभेला आले ते सगळे पुरुषच. वरली आळी आणि खालली आळी तीन वर्षांत पहिल्यांदा एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली. ठराव एकच, बाकडं आजच्या आज उचलून गुरांच्या दवाखान्यामागं न्यायचं.

सर ताडकन उठले. "शरम वाटत न्हाई? कलेचा गळा घोटून राहिलाव! बायकोचं दोन तास ऐकून घ्यायची हिंमत न्हाई तुमच्यात? मी ऐकलं! मी विरोध करणार! पन्नास गावांचा सवाल हाय!"

"सर," नरसिंग हळूच म्हणाला, "अकरावी घागर पितळंची हाय. तुमच्याच घरची. साखरावहिनी म्हणून राहिल्या, काल लग्नानंतरचं झालं, लग्नातलं राहिलं."

सर हळूच खाली बसले. आनंदराजनं विचारलं, "ठराव मंजूर?" सगळ्यांचे हात वर गेले. सर पुढच्याच ओळीत होते, त्यांचाही गेला.

नेमकी त्याच वेळी मंडळाची जीप ग्रामपंचायतीच्या दारात थांबली. मंडळाच्या माणसानं धडाधड फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी पेपरात पाव पान भरून छापून आलं, 'कलेनं घडवला एकोपा! तीन वर्षांनंतर गावात पहिला ठराव एकमतानं.' फोटोत सरांचा हात सगळ्यांत उंच होता. खाली ठरावही अक्षर न् अक्षर दिला होता.

साखराबाईंनी तो पेपर चहाच्या कपाशेजारी उलगडून ठेवला आणि आत गेल्या. ह्या वेळी मात्र त्या बोलत नाहीत हे सरांना पहिल्याच मिनिटाला कळलं.