डोकावायचं बटण

"पुढचा पेशंट कोण आहे, एवढंच बघायचंय मला. त्याला आत बोलवायचं नाहीये," दातांच्या डॉक्टरांनी जावयाला बजावून सांगितलं होतं. पुढच्याची दाढ काढायची की नुसते दात साफ करायचे, हे आधी कळलं की हत्यारं तयार ठेवता येतात. नोकरी सुटून घरी बसलेल्या जावयाला सासऱ्यांपुढे पत राखायची होती. त्याने रात्रंदिवस खपून दवाखान्याच्या रांगेचा प्रोग्राम लिहिला आणि त्यात 'डोकाव' नावाचं बटण ठेवलं.

सकाळी खुर्चीतल्या गृहस्थांचा जबडा बधिर करून डॉक्टरांनी ते दाबलं. पडद्यावर 'नंबर पाच, दाढ काढणे' आलं. त्याच क्षणी बाहेरचा बोर्ड ओरडला, "नंबर पाच, आत या!" पाच नंबरच्या बाई आत आल्या. त्यांना परत पाठवून डॉक्टरांनी पुन्हा डोकावलं, तर सहा. मग सात. बघता बघता दारात तिघं एकमेकांना कोपरं मारत उभी, आणि खुर्चीतले गृहस्थ आ वासून नुसतेच "आँ! आँ!" करताहेत.

"पाच नंबर माझा! तो गेला कुठे?" पहिल्या बाई काउंटरवर येऊन ओरडल्या.

"गेला तो गेला," काउंटरवरची बाई म्हणाली. "मशीन मागे जात नाही."

"मग मी काय, दाढ घरी जाऊन काढू?"

"जावईबापू!" आतून हाक आली. त्यातला 'बापू' नावालाच होता.

जावई लॅपटॉप मांडीवर घेऊन काउंटरमागे बसला. घामाने बोटं निसटत होती. "बाबा, चूक सापडली. डोकावताना मशीन रांगेतला माणूस उचलतंय आणि सोडून देतंय. आता एकदाच उचलून हातात धरून ठेवेल. कितीदाही डोकावा, तोच दिसेल. 'बोलाव' दाबलंत की तोच आत येईल."

"यांचा बधिरपणा उतरायच्या आत करा म्हणजे झालं!" डॉक्टर आतून म्हणाले.

झालं एकदाचं. रांग पुन्हा पाचापासून सुरू झाली आणि दुपारपर्यंत सुरळीत चालली. शेवटी एकच पेशंट उरली, चौदा नंबरची, डॉक्टरांची थोरली मेहुणी. अक्कलदाढ काढायला आलेली. डॉक्टरांनी डोकावून खात्री केली, पक्कड तयार ठेवली आणि 'बोलाव' दाबलं.

"रांग संपली. धन्यवाद," बोर्ड म्हणाला.

काउंटरवरच्या बाईने दिवे मालवायला घेतले.

"अहो, मी बसलेय ना!" मेहुणी ओरडली.

"मशीन म्हणतंय, कोणी नाही."

"मग मी कोण, खुर्ची?"

जावयाने लॅपटॉप पुन्हा उघडला. मशीन फक्त रांगेत बघत होतं. हातात धरलेला माणूस ते मोजतच नव्हतं! "मावशी, दोनच मिनिटं," म्हणत तो टाइप करू लागला.

आत पक्कड ट्रेमध्ये टणकन वाजली. मावशींनी तो आवाज ऐकला, गालावरचा हात काढला आणि पर्स उचलली.

"राहू द्या हो. मशीनच्या शब्दाबाहेर कशाला जायचं? जावईबापू, फार हुशार आहात तुम्ही!"

दिवसभरातलं त्याच्या वाट्याचं ते पहिलं कौतुक. पण तोवर प्रोग्राममधली ती चुकीची ओळ दुरुस्त झाली होती. रिकाम्या खोलीत बोर्ड खणखणीत आवाजात पुकारू लागला, "नंबर चौदा, आत या! नंबर चौदा!"

जिन्यावरची मावशींच्या चपलांची फटफट एकदम वाढली.