मुंगसाचा पहिला नंबर

एका जंगलात, बाळांनो, मुंगसांचं एक सुशिक्षित घराणं राहत होतं. सुशिक्षित म्हणजे काय, तर घरातला प्रत्येक जण कशात ना कशात पहिला आलेला होता. धाकटा भिवाजी तर बालवाडीत झोपण्यातसुद्धा पहिला आला होता.

हा भिवाजी डेन्मार्कच्या जंगलात शिकायला निघाला. तेव्हा त्याच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, बजावलं, "पहिला नंबर घेऊनच ये. नाहीतर बिळात पाऊल ठेवू नकोस." आणि सत्कारासाठी हत्तीला सांगूनही टाकलं. हत्ती दोन वर्षं आधी सांगावा लागतो.

तिकडची मास्तरीण होती एक हंसीण. नाव कर्स्टन. ती वर्गात आली की भिवाजी ताडकन उभा राहायचा. ती मागे वळून बघायची, दारात कोण मोठं माणूस आलंय म्हणून. त्यानं "कर्स्टनबाई" म्हटलं की ती म्हणायची, "नुसतं कर्स्टन." भिवाजीची जीभ रेटेना. शेवटी तो "कर्स्टन" मोठ्यानं आणि "बाई" मनातल्या मनात म्हणू लागला.

वर्गात सगळे चौघाचौघांच्या गटात बसत. भिवाजी पंज्याआड वही झाकून लिहायचा. शेजारचं बदक मात्र आपली वही त्याच्याकडे सरकवायचं.

"हे बघ, मला काय सुचलंय!"

भिवाजीला दरदरून घाम फुटायचा. यात नक्की काहीतरी डाव असणार!

असं करता करता परीक्षा झाली. निकाल लागला. सगळे पास. भिवाजीनं फळा पाहिला, भिंत पाहिली, मग फळ्याची मागची बाजूही पाहिली. नंबरांची यादी कुठेच नव्हती.

"कर्स्टन, माझा नंबर कितवा?"

"कशातला?"

"वर्गातला!"

"वर्गात तर तू होतासच की. नंबर कशाला हवा?"

भिवाजी मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. खरंच रडला हो! तात्या, हत्ती, बीळ, सगळं सांगितलं त्यानं.

आता तिकडची रीत अशी, की कोणाला अडचण आली की सगळ्यांनी गोल बसायचं, कॉफी प्यायची आणि एकमत होईपर्यंत उठायचं नाही. अकरा किटल्या संपल्या.

हरीण म्हणालं, "देऊ या त्याला पहिला नंबर."

बदक म्हणालं, "पण त्याला एकट्यालाच दिला तर बिचाऱ्याला एकटं वाटेल."

हे सगळ्यांना पटलं. हंसिणीनं चोवीसच्या चोवीस जणांना पहिला नंबर दिला. वर शिक्काही मारला.

भिवाजी घरी आला. हत्तीनं हार घातला. तात्यांनी शिक्क्यावरून चार वेळा पंजा फिरवला आणि हळूच विचारलं, "काय रे, दुसरा कोण आला?"

भिवाजीला खोटं बोलणं जमत नसे. तो म्हणाला, "दुसरा कोणीच नाही आला, तात्या."

"आणि तिसरा?"

"तिसराही नाही."

तात्यांचे डोळे भरून आले. "अगं, ऐकलंस का! आपल्या भिवाच्या जवळपाससुद्धा कोणी फिरकलं नाही!"

तात्पर्य: जिथे सगळेच पहिले येतात, तिथेच शिकायला जावे. परतताना मात्र एकट्यानेच परतावे.